रुमालाखालचं पहिलं बोट

चाचा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" फोन करणारा बेल्ह्याच्या बैलबाजारातला चहावाला बिचारा दुखावला. "ताई, असलं कुनी खोटं सांगतं व्हय?" म्हणाला. त्याला काय ठाऊक! एका चिकट गिऱ्हाइकाला टाळायला मागे तुम्ही स्वतःच दवाखान्यात पडल्याची आवई उठवली होती. मी संत्री घेऊन धावत आले, तर तुम्ही गोठ्यात बसून बैलाची शिंगं तासून घोळत होता. वर संत्री ठेवूनही घेतलीत. म्हणून परवा बोरीहून स्कूटी काढली ती निम्मी तुम्हाला रंगेहाथ पकडायला.

दारात चपलांचा ढीग दिसला, तरी मी मान्य करायला तयार नव्हते. गोठ्यातला खिल्लारी बैल नेहमीसारखा वैरण खात होता, म्हटलं याला तरी काही वाटायला हवं होतं. मग ओसरीवरच्या खुंटीला तुमचा रुमाल दिसला, तो लाल चौकड्यांचा, धुऊन धुऊन विटलेला. तो खांद्यावर टाकल्याशिवाय तुम्ही अंगणातसुद्धा यायचा नाहीत. रुमाल खुंटीला आहे आणि इमामचाचा घरात नाहीत, हे काही तुमचं नाटक असू शकत नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

हे मी माफी मागायला लिहीत नाही, ते आधीच सांगून टाकते. आपलं भांडण अर्धं राहिलंय. सौदा रंगात आला की मधेच उठून चालू लागायचं, म्हणजे समोरचा झक मारत मागे येतो, ही तुमची बाजारातली जुनी खोड. आताही तेच केलंत. घ्या, आले मी मागे.

तुमच्यापर्यंत मी पोचले तीसुद्धा संशयानंच. नारायणगावच्या आमच्या ऑफिसातून शेतात राबणाऱ्या बायकांच्या आरोग्याचा अभ्यास चालायचा. जुन्नर तालुक्यातल्या गावोगाव फिरायचं, प्रश्न विचारायचे, बोटाला टोचून रक्त घ्यायचं, खोकला असेल तर थुंकीची डबी द्यायची, हे माझं काम. नियम असा होता की इथे सहा महिने राहिलेल्या बाईलाच धरायचं. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळा तापायच्या आत निघून जातात. म्हणजे दिवसभर पाचटाच्या धुरळ्यात उभी असलेली बाई आमच्या अभ्यासात नाही, आणि बांधावरून तिच्याकडे बघणारी मालकीण आहे. मी दर बैठकीत कुरकुर करायचे. मग एकदाचा पुण्याच्या डॉक्टरबाईंनी नियम बदलून आणला, आणि टोळ्यांवर जायचं काम अर्थातच कुरकुर करणारीच्या गळ्यात पडलं.

आमच्या बोरीच्या शिवारातच एक गाडीवान टोळी उतरली होती, स्वतःच्या बैलगाड्या घेऊन आलेली, बीडकडची. मी मोठ्या उत्साहात गेले. खोप्यांच्या मधोमध बाजेवर मुकादम तंबाखू मळत बसलेला. मी एकेका बाईला विचारायचे आणि प्रत्येक बाई आधी मुकादमाकडे बघायची. "काय बी नाय ताई. समदं बरं हाय." खोकला नाही, ताप नाही, चक्कर नाही, अंगावरून काही जात नाही, नवरा पीत नाही. संध्याकाळी मी डॉक्टरबाईंना म्हटलं, एवढी निरोगी माणसं मी जन्मात बघितली नाहीत, आपणच ऊस तोडायला जाऊ या. त्या हसल्या नाहीत. हे असंच लिहून आलं तर उद्या लोक म्हणतील की स्थलांतरितांना काही होत नाही, त्यांची काळजी करायचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. न मोजण्यापेक्षा ते वाईट होतं.

टोळीतल्या एकीनं जाता जाता तुमचं नाव घेतलं. गाडीवानांचे बैल तुमच्याच हातून घेतलेले, दुखलं खुपलं की तुमच्याकडेच यायचे, म्हणून सगळी टोळी तुमचं ऐकते असं म्हणाली. मला लगेच वाटलं, बैलांचा दलाल आणि मुकादम, म्हणजे एकाच माळेचे मणी. तरी बाजाराच्या दिवशी बेल्ह्याला आले. तुम्ही एका बैलाच्या तोंडात हात घालून दात बघत होता. माझ्याकडे न बघताच विचारलंत, "कुनाकडची गं तू?" मी म्हटलं, बोरीची. "बोरीत कुटली?" या प्रश्नाचा अर्थ आमच्या वस्तीतल्या पोरीला शाळेत जायच्या आधी कळतो. मी म्हटलं, बुद्धविहाराजवळची, पुढचं बोला. तेव्हा तुम्ही बैलाच्या तोंडातून हात काढलात आणि नीट बघितलंत माझ्याकडे.

"आन तुला ह्या लोकांचं रगत कशाला पायजे?"

मी अर्धा तास समजावलं. तुम्ही दोनदा चहा पाजलात आणि एक अक्षर पटवून घेतलं नाहीत. पण दुसऱ्या दिवशी येडगावच्या टोळीवर माझ्याबरोबर यायला मात्र कबूल झालात. का झालात, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. विचारलं तर म्हणायचात, "बैलवाल्याची बायको पडली की बैल इकायला निघतो. मला रडका बैल न्हाई आवडत." मी एवढंच धरून चालले की यात तुमचा काहीतरी डाव असणार.

येडगावला काम झाल्यावर आपण धरणाच्या काठावर भेळ खात बसलो होतो, आठवतं? तिथेच तुम्ही ते बोललात, ज्यावरून आपण पुढे दर भेटीत भांडलो. "ताई, मोजू नको त्यांना. मोजलेल्या मानसाला हुडकून काढता येतं." मी म्हटलं, न मोजलेल्या माणसाला औषध पोचत नाही. तुम्ही म्हणालात, "औशिद पोचायच्या आधी शिपाई पोचतो." मी म्हटलं, चाचा, आमच्या घरातही कुणी कागद घेऊन दारात आलं की आधी सगळे गप्प व्हायचे, आजी तर चुलीमागे जाऊन बसायची. तेच माझ्या घरचं घाबरणं घेऊन मी या कामात आलेय, की निदान कागद माझ्या हातात असावा. तुम्ही भेळेचा कागद चुरगाळून म्हणालात, "आमच्यात बी तसंच. दार वाजलं की आधी खिडकीतनं बघायचं." त्या दिवशी मला तुम्ही पहिल्यांदा आवडलात. विश्वास मात्र बसला नव्हता, आवडणं वेगळं.

रुमालाची गोष्ट मला तुमच्या बाजारातच सुचली. सौदा करताना तुम्ही समोरच्याचा हात हातात घ्यायचात, वर रुमाल टाकायचात आणि आत बोटं दाबून भाव सांगायचात. भोवती पन्नास माणसं उभी, पण आत काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. मी बघत राहिले. मला वाटलं, मुकादमापुढे बसून बायका बोलणार नाहीत, पण बोट तर दाबतील? प्रश्न मी मोठ्यानं विचारीन, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. उत्तर ओढणीखाली. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

तुम्ही खवळलात. "आमच्या धंद्याचं हाय ते! आन तुला कुनी सांगितलं की रुमालाखाली लोक खरं बोलत्यात? रुमाल आजूबाजूच्यांसाठी असतो. समोरच्याला तितं बी फशिवत्यातच. पहिलं बोट कायम खोटं, ताई. पहिल्या बोटावर ज्यानं बैल घेतला तो मेला."

"आमच्याकडे एक प्रश्न एकदाच विचारतात," मी म्हटलं.

"मंग मोजा खोटी बोटं."

तरीही माझा हात ओढून, त्यावर रुमाल टाकून, कसं धरायचं ते शिकवलंतच. किती सैल, किती घट्ट, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, दुसरीकडेच कुठेतरी बघायचं. तुमचा तळवा दोरानं घट्टे पडून इतका निबर झालेला की मला वाटलं, याला कुणाचं बोट कळत तरी असेल का.

बोरीच्या टोळीवर तुम्ही मुकादमाशी बैलांच्या गप्पा मारत बसलात आणि मी बायकांच्या घोळक्यात. पहिल्या पहिल्यांदा त्यांना हसूच आवरेना. मुकादम तिकडून ओरडला, "ह्यो काय बैलबाजार हाय का?" त्यावर तुम्ही म्हणालात, "मंग, माझीच चेली हाय ती!" आणि बायका आणखी हसल्या. हसता हसता बोटं दाबायला लागल्या. मी डॉक्टरबाईंचा नियम मोडला आणि तुमचं ऐकलं, प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला. एकेकीचं पहिलं बोट आणि दुसरं बोट यांत जमीन अस्मानाचं अंतर पडायला लागलं.

कौसल्याचा नंबर शेवटी आला. लहानखुरी, गालाची हाडं वर आलेली, उजव्या हाताच्या बोटावर कोयत्याची जुनी खूण. मी आल्यापासून बघत होते, चुलीत फुंकर घालायला वाकली की तिला खोकल्याची उबळ यायची आणि शेजारीण तिच्या हातातून फुंकणी काढून घ्यायची. मी विचारलं, खोकला आहे? दोन बोटं. नाही. पुन्हा विचारलं, बरेच दिवस खोकला आहे का गं? तिनं लांब बांधाकडे बघत एक बोट दाबलं. मग ताप, मग थुंकीत रक्त. एक, एक. आणि शेवटचं बोट तिनं सोडलंच नाही. मी ओढणीखालूनच थुंकीची डबी तिच्या हातात सरकवली.

थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने घेतलं की माणूस उठून उभा राहतो, यात नवं काही नव्हतं. अडचण होती ती तिला सांगायची. ज्याचा आजार त्यालाच सांगायचं, दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा नियम. पण तिला एकटीला गाठायचं कुठे? खोपीला भिंत नाही, फडात सगळे खांद्याला खांदा लावून, आणि टोळीतल्या प्रत्येकापुढे जो फोन नंबर लिहिलेला होता तो एकट्या मुकादमाचा. त्याला कळलं असतं तर काय झालं असतं ते मी दुसऱ्या टोळीत बघितलं होतं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर धरतात. बायको आजारी म्हटली की मुकादम एक तर दाबून काम करून घेतो, नाही तर दोघांना वाटेल तिथे सोडून देतो.

म्हणून मी तुमच्याकडे आले. बैलाच्या खुराचं निमित्त काढून कौसल्याला आणि तिच्या नवऱ्याला बाजारात बोलावून घ्या म्हटलं, मी तिथे तिला बाजूला घेऊन सांगते. कशासाठी ते सांगायला नको होतं, पण सांगितल्याशिवाय तुम्ही हलला नसतात. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, रुमाल झटकून खांद्यावर टाकलात आणि म्हणालात, "बगतो."

दलालाचा "बगतो" मला तेव्हाच खटकला होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी टोळीवर गेले तर कौसल्याची खोपी मोकळी. चुलीचे तीन दगड, थोडी राख, बैल बांधायची मेख. मुकादम माझ्यावरच धावून आला. "रोगी बाई हाय हे तुमाला ठाव व्हतं, आन आमच्यात ठिवली व्हती? घालवली तिला." कुठे घालवली म्हटलं तर तंबाखू थुंकून पाठ फिरवली. तिच्या आजाराचं दोन माणसांना ठाऊक होतं, चाचा. आमच्या डॉक्टरबाई सोडल्या तर मी आणि तुम्ही.

मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आसपासच्या टोळ्या पालथ्या घातल्या. बीडकडच्या तिच्या गावात कुणाचा तरी फोन लागला, त्यांनाही पत्ता नव्हता. डॉक्टरबाईंनी शेवटी हताश होऊन सांगितलं की तिच्या नावापुढे आता "संपर्क तुटला" एवढंच येईल. किती साधा शब्द आहे. मला मात्र ती कुठल्यातरी उसाच्या कडेला रक्त ओकत पडलेली दिसायची, आणि शेजारी तुम्ही मुकादमाबरोबर चहा पीत असलेले.

म्हणून त्या दिवशी भर बाजारात मी तुमच्यापुढे उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मुकादमाला तुम्ही सांगितलंत?" टेम्पोतून बैल उतरवणारेसुद्धा थांबले. तुम्ही माझा हात धरलात, वर रुमाल टाकलात आणि एक बोट दाबलंत.

हो.

मी हात हिसकावून घेतला. पाठमोरी झाले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "दुसऱ्यांदा इचार की, ताई." मी विचारलं नाही. एवढ्या लोकांत तुम्ही मला तुमचा धंद्याचा खेळ खेळायला लावताय असं मला वाटलं, आणि तुमचा तो शांत चेहरा बघून तर आणखीच भडकले.

त्यानंतर मी बेल्ह्यावरून जाताना तुमच्या घराकडे मान वळवली नाही. तुम्ही चहावाल्याबरोबर निरोप पाठवायचात, "ताईला म्हनावं, संत्री गोड व्हती." बस, एवढाच निरोप. मी उत्तर दिलं नाही, पण घरी येऊन तुमच्या त्या बोटाचा कीस पाडत बसायचे. पहिलं बोट कायम खोटं, हे तुमचंच वाक्य. मग त्या हिशेबानं तुम्ही सांगितलं नव्हतंत? की मला असं वाटावं म्हणूनच पहिलं बोट दाबलंत? माणूस आयुष्यभर खोटं बोलला की त्याच्या खऱ्याचीही अशी फरफट होते. कधी कधी मनात तुम्हाला निर्दोष सोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडून आणायचे.

परवा तुमच्या घरी आतल्या खोलीत, बायकांत जाऊन बसले. चाची भिंतीला टेकून होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू येशील असं म्हणायचे गं." म्हणजे मरतानाही तुम्हाला खात्री होती, आणि ती खरी ठरवली मी. शेजारच्या घरून चहाची किटली आली. एक बाई सगळ्यांना कप-बशी देत फिरत होती. भरल्या अंगाची, डोक्यावरून पदर. तिनं माझ्या हातात बशी दिली आणि मला तिच्या बोटावरची कोयत्याची खूण दिसली. चेहरा मी ओळखलाच नव्हता.

"वळकलं न्हाई का ताई? म्या कौसल्या."

ती शेजारी टेकली आणि हलक्या आवाजात सांगत गेली. तुम्ही टोळीवर गेलात, मुकादमाला बाजूला घेतलंत आणि म्हणालात की हिला छातीचा रोग आहे. "आन म्हनले, ह्यो रोग मानसाच्या आधी बैलाला धरतो. मुकादमाचं त्वांड पांढरंफटक पडलं, ताई. मानसं मेली तरी न्हाई हलला त्यो, पर बैल म्हनल्यावर! आन बैलाचं चाचांनी सांगितलेलं कोन मोडनार? हातच जोडले त्यानं. म्हनला, चाचा, हिला अन् हिच्या नवऱ्याला आत्ताच्या आत्ता टेम्पोत घालून न्या."

मला हसू फुटलं, चाचा. मयताच्या घरात, चाचींच्या समोर. ओढणी तोंडात कोंबून हसले आणि लोकांना वाटलं की मी रडतेय. तेही खोटं नव्हतं.

तुम्ही त्यांना तालुक्याची हद्द ओलांडून आंबेगावात नेलंत, मंचरच्या अलीकडे तुमच्या ओळखीच्या एका मळ्यात. गोठा बघायचा, राहायला खोली, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यातून औषध. दिलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वसूल करायला मुकादमानं माग काढू नये म्हणून तिचं माहेरचं नाव लावायला सांगितलंत. तिनं सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बरी झाली. पुण्याला जाताना त्या मळ्यावरून मी कितीदा गेलेय. आमचा अभ्यास जुन्नर तालुक्याचा, तो वेशीवर संपतो. ती वेशीपलीकडे उभी होती आणि आमच्याकडे तिचा संपर्क तुटलेला होता.

"मला का नाही सांगितलं मग?" मी विचारलं.

ती चाचरली. "म्या म्हनलं व्हतं, ताईला सांगा. चाचा म्हनले, ताई चांगली हाय, पर ती कागदावर घेनार. आन कागद फिरत फिरत मुकादमापत्तुर जातो."

म्हणजे जितका संशय मी तुमच्यावर घेतला, तितकाच तुम्ही माझ्यावर घेत होता. खिडकीतून बघत होता मला, इतकी भेळ खाऊनसुद्धा. मला वाईट वाटलं. खरं सांगते, खूप वाईट वाटलं. आणि त्याबरोबर हेही कळलं की तुमचं ते पहिलं बोट खरं होतं. मुकादमाला तुम्हीच सांगितलं होतंत. जन्मभर पहिलं बोट खोटं देणारा माणूस माझ्याशी पहिल्या बोटाला खरं बोलला, आणि मी हात काढून घेतला. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर काय दाबलं असतंत, ते आता कुणाला विचारू?

तुमचे उपकार मानायला हवेत, आणि मानते मी, अगदी मनापासून. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. तेवढ्यावर माझं भागेना. सगळं गोड गोड ऐकून झालं तरी एक प्रश्न आत टोचत राहिला. भोवती तुमच्या घरच्या बायका, सगळ्यांचे कान आमच्याकडे. मी कौसल्याचा हात ओढणीखाली घेतला आणि समोरच्या भिंतीकडे बघत, तिलाच ऐकू जाईल असं विचारलं, "मुकादमाला सांगायच्या आधी चाचांनी तुला विचारलं होतं?"

तिनं लगेच एक बोट दाबलं. हो.

तुमचीच शिकवण आहे. मी पुन्हा विचारलं.

तिनं चाचींकडे बघितलं, दारातून दिसणाऱ्या खुंटीवरच्या रुमालाकडे बघितलं. मग माझ्या तळव्यावर दोन बोटं टेकवली.

"इचारलं असतं तर म्या नगंच म्हनले असते, ताई," ती पुटपुटली. "टोळी सोडून परक्या गावात कोन जातं? म्या तितंच ऱ्हायले असते."

हेच तर आपलं भांडण आहे, चाचा. तिचा आजार तिचा होता. तो कुणाला सांगायचा ते तिनं ठरवायचं होतं, तुम्ही नाही, मी नाही, मुकादमानं तर नाहीच. तुम्ही तिच्या वतीनं ठरवून मोकळे झालात, बैल एका दावणीहून दुसऱ्या दावणीला बांधावा तसे. हे मी सोडणार नाही. तेव्हा भर बाजारात नुसतं विचारलं होतं, आज म्हणते, तुम्ही चुकलात.

आणि कौसल्या माझ्याशेजारी बसून चहा बशीत ओतत होती. तिनं बशी ओठांजवळ नेली आणि वाकून लांब फुंकर घातली. मी संशयानं तिच्याकडे बघत थांबले. ती खोकली नाही. मी आणखी थोडं थांबले. तिनं दुसरी फुंकर घातली आणि चहा पिऊन टाकला.